दार नसलेली बत्ती

घासलेटाचा वास आला की मला पाखराचं गाणं ऐकू येतं. मी शाळेत शिकवायची तेव्हा एकदा मधल्या सुट्टीत हे बरोबरच्या बाईंना सांगून बसले, तर त्यांनी माझ्या कपाळाला हात लावून बघितला. बघेनात का! त्यांचे वडील काही बत्तीवाले नव्हते, माझे होते. दौंडच्या यार्डाच्या कडेला कडुनिंबाखाली एक दगडी खोली होती, तिला सगळे लॅम्परूम म्हणायचे. सिग्नलवर चढवायच्या, गार्डानं हातात धरायच्या, गाडीच्या शेपटाला लावायच्या, अशा सगळ्या बत्त्या सकाळी तिथं यायच्या आणि साफ होऊन, घासलेट पिऊन आपापल्या कामाला जायच्या. आम्ही वडलांना दादा म्हणायचो. दादा त्या खोलीचे राजे. राजे म्हणजे काय, तर एक स्टूल, एक नरसाळं, राखेचं डबडं आणि एंजिन पुसायच्या सुताचा ढीग, ज्याला यार्डात 'वेष्ट' म्हणायचे. दादांच्या हाताला, सदऱ्याला, डोक्याच्या केसांना घासलेटाचा वास यायचा. ते भाकरी मोडून माझ्या ताटात टाकायचे तेव्हा त्या तुकड्यालाही यायचा. मला तो आवडायचा. आईला नाही.

दादा आधी डबे जोडायच्या कामावर होते. तिथं त्यांच्या डाव्या पायाची तीन बोटं गेली. पाय वाचला, नोकरीही वाचली, आणि त्यांना हलकं काम मिळालं. पण हलकं काम म्हणजे कुणाच्या तरी मेहेरबानीचं काम, कधीही काढून घेतील असं. 'अनफिट' हा शब्द आमच्या घरात कुणी उच्चारायचं नाही. रात्री सापाला साप म्हणत नाहीत, तसं. अनफिट झालं तर नोकरी गेली, नोकरीबरोबर क्वार्टर गेलं, आणि मग आईच्या भावांच्या दारात जाऊन उभं राहायचं. आई तळेगाव ढमढेऱ्याच्या बाजूची, मेंढरांमागं वाढलेली. तिच्या वडलांनी मेंढरं विकून जमीन केली होती आणि भावांनी त्या जमिनीत ऊस लावला होता. 'भावजयांच्या हाताखाली भांडी घासंन, पर तवा माज्यात जीव नसंल,' असं ती चुलीपुढं बसून म्हणायची आणि भाकरी अशी थापटायची की परात वाजायची. दीड खोलीचं ते क्वार्टर तिनं शेणानं-चुन्यानं असं ठेवलं होतं की शेजारणी उंबऱ्यातच चपला काढायच्या.

मी सुट्टीत दादांच्या हाताखाली असायची. पुसायचं काम माझं. लॅम्परूमची एक रीत होती आणि ती मोडायला साहेबालाही परवानगी नव्हती, असं दादा म्हणायचे. बत्तीला पुढं काचेचं दार असतं. काम चाललेलं असेल तोवर ते दार उघडं ठेवायचं. काच पुसली, वात कापली, तेल भरलं, की दार लावायचं. खटका 'टक्' वाजला की बत्ती तयार. न्यायला येणाऱ्यानं काही विचारायचं नाही. दार लागलेली बत्ती उचलायची, उघडी असेल तिला हात लावायचा नाही. दादांचं काम असं बिनबोलाचं होतं, आणि ते स्वतःही तसेच होते. कुणी काही बोललं, कुणी त्यांच्या चालीची नक्कल केली, तरी त्यांचं एकच: 'ऱ्हाऊ दे.' आई चिडायची. 'सगळं ऱ्हाऊ द्या! एक दिवस तुमाला बी ऱ्हाऊ देतील हितंच, यार्डात!' त्यावरही दादा, 'ऱ्हाऊ दे की.' मला मात्र तो खटका लावायला फार आवडायचं. चाळीस बत्त्या ओळीनं पुसत जायचं आणि टक्, टक्, टक्. हाताला इतकी सवय झाली होती की घरी दुधाच्या कपाटाचं दार दिसलं तरी माझा हात जाऊन ते लावायचा.

आता पाखरांचं सांगते. दौंडच्या यार्डात पाखरं असतील असं कुणाला वाटणार नाही. धूर, कोळशाची चुरी, वाफेचे फुत्कार, रात्रंदिवस डब्याला डबा आदळतोय. पण ती होती, आणि आमच्याइतकीच रेल्वेची झाली होती. कावळ्यांची घरटी सिग्नलच्या तारांच्या तुकड्यांची. चिमण्या फलाटाच्या पत्र्याखाली, एंजिनाची शिट्टी कानाशी झाली तरी अंड्यावरून हलायच्या नाहीत. एक इवलासा शिंजीर, अंगठ्याएवढा, दरसाल आमच्या शेवग्याला लोंबतं घरटं बांधायचा आणि त्यात आतून वेष्ट लावायचा, तेही धुतलेलं नव्हे, तेलकटच! आई म्हणायची, 'त्येला बी पास मिळत आसंल.' रानात वाढलेल्या बाईला याचं मोठं नवल. तिच्या माहेरी पाखरू झाडावर, काट्यात, ढोलीत. इथं लोखंडात संसार. ती शेणी थापता थापता थांबून बघत बसायची, आणि तेवढा वेळ तिच्या कपाळावरची आठी जायची.

त्या साली चैत्रात एक नवं पाखरू आलं. काळं-पांढरं, शेपूट उभी ठेवून चालणारं, अंगानं साळुंकीहून लहान. त्याचं नाव दयाळ, हे मला फार पुढं कळलं. आई त्याला नुसतं 'गाणारं' म्हणायची. 'आमच्या वढ्याला असायचं हे. पाणी आन् सावली सोडून हे न्हाई ऱ्हात. हितं कुठं आलं चुकून?' ते चुकून आलं नव्हतं. पहाटेची गाडी गेली की यार्डात थोडा वेळ अशी शांतता व्हायची की तापलेलं लोखंड निवताना कटकट वाजतं तेही ऐकू यावं. त्या वेळात ते लॅम्परूमच्या कौलावर बसायचं आणि गायचं. किती गायचं म्हणून सांगू! एक ओळ झाली की दुसरी निराळी, तिसरी आणखी निराळी, आणि मध्येच गार्डाची शिट्टी, अगदी हुबेहूब. एकदा त्या शिट्टीला फसून गाड्या जोडणारा माणूस कंदील हलवत पळत आला आणि कुणी दिसेना तेव्हा आईमाईवरून शिव्या देत परत गेला. दादा हातातली बत्ती तशीच धरून वर बघत उभे होते. मी त्यांना पोट धरून हसताना फार थोड्या वेळा पाहिलं आहे. त्यातली ही एक वेळ.

लॅम्परूमच्या झरोक्याची जाळी तुटली होती. तिथून त्याची जोडीदारीण आत आली. ती त्याच्याहून फिकट, राखी रंगाची. वरच्या फळीवर एक मोडकी बत्ती होती, आतला तेलाचा डबा काढलेली, दार सताड उघडं. दोन दिवसांत तिनं त्या बत्तीत गवत, मुळ्या आणि आमचं वेष्ट भरलं. पुढच्या आठवड्यात दादांनी मला खांद्यावर घेतलं. तेरा वर्षांची घोडी मी, आणि पायाची तीन बोटं गेलेला माणूस मला खांद्यावर घेऊन उभा! 'बगून घे. हात न्हाई लावायचा.' आत चार अंडी होती, निळसर हिरवी, वर तपकिरी ठिपके. लोखंडाच्या पोटात, घासलेटाच्या वासात, बाहेर मालगाडी धडधडतेय आणि ती चार अंडी कशी गप्प पडलेली. माझ्या अंगावर काटा आला. आजही लिहिताना आलाय, खोटं नाही सांगत. 'दादा, ही बत्ती कुणी उचलून नेली, तर?' मी विचारलं. ते म्हणाले, 'तिचं दार उगडं हाय. उगड्या बत्तीला कोण हात लावतंय? ऱ्हाऊ दे.'

पिल्लं निघाली. आईला मी सांगितलं होतं. ती दुपारी डबा घेऊन यायची ती आता जरा जास्तच वेळ बसायची. हुलग्याचं पिठलं, भाकरी, फोडलेला कांदा. आम्ही तिघं खाली बसून जेवायचो आणि वर ती दोघं अळ्या, नाकतोडे आणून चौघांना भरवायची. दोन घरं एका वेळेला जेवत होती. आई पदरानं तोंड झाकून बारीक आवाजात म्हणायची, 'बगा वो, बाप बी भरवतोय.' दादा म्हणायचे, 'मग मी काय उपाशी ठेवलाय का तुमाला?' एवढं सुख त्या घरानं आधी कधी पाहिलं नव्हतं, आणि नंतरही फारसं नाही.

मग तपासणीचं आलं. मोठा साहेब येणार म्हटलं की रेल्वेत जे हलत नाही त्याला चुना आणि जे हलतं त्याला तेल. पण या खेपेला स्टेशन मास्तरांनी दादांना बाजूला घेऊन सांगितलं, की साहेब हलक्या कामावरच्या माणसांची यादी घेऊन येतोय. कुणाला ठेवायचं, कुणाला घरी पाठवायचं, ते जागेवर बघून ठरवणार. दादांनी ते घरी आईला सांगितलं. त्या रात्री भाकरी थापटल्याचा आवाज आला नाही. सकाळी तिनं दादांचा सदरा नीळ घालून, पितळी तांब्यात निखारे घालून इस्त्री केला आणि एवढंच म्हणाली, 'आज पाय वडत चालू नका. दुखलं तर रात्री दाबून दीन.'

त्या दिवशी दादांनी एक चलाखी केली, आयुष्यात केलेली बहुधा एकच. घरट्याची बत्ती वरच्या फळीवर एकटीच, टोकाला होती. साहेबाच्या डोळ्यांत भरली असती. दादांनी ती अलगद उचलून ओळीत मधोमध, दहा-बारा तशाच बत्त्यांमध्ये सरकवली. चारचौघांत चोर दिसत नाही, तसं. दार उघडंच ठेवलं. आणि मला सांगायचं राहिलं. मास्तरांनी त्यांना मध्येच फलाटावर बोलावलं, आणि जाताजाता ते म्हणाले, 'सुमे, वरली फळी पुसून काढ चटशिरी.'

मी स्टुलावर उभी राहिले. वरची फळी माझ्या डोक्याच्या वर होती. आतलं दिसत नव्हतं, हात तेवढा पोचत होता. टोकाच्या रिकाम्या जागेकडं माझं लक्षच गेलं नाही. माझ्या मनात साहेब होता, त्याची टोपी कशी असेल ते होतं, आणि मावशीनं धाडलेला नवा फ्रॉक मला आज घालायला मिळणार होता. हात आपला चालला होता. पूस, टक्. पूस, टक्. माणसाचा हात जवळ आला की पिल्लं चूपचाप दबून बसतात, चोच उघडत नाहीत. त्यांची आई त्यांना तसं शिकवते. ती शिकलेली होती. मीही शिकलेली होते. ओळ संपली. एकही दार उघडं राहिलं नाही. मी उतरून फ्रॉक घालायला घरी पळाले.

मी परत आले तेव्हा रघुआप्पा दारातून बाहेर पडत होते. रघुआप्पा म्हणजे गार्डांची पेटी गाडीपर्यंत वाहून नेणारे, पेन्शनीला आलेले, तंबाखूनं एक गाल कायम फुगलेला. पेटीत गार्डाचं सामान असायचं: बावटे, धोक्याच्या वेळी रुळावर लावायचे फटाके, आणि संध्याकाळी शेपटाला लावायची बत्ती. खालच्या ओळी साहेबासाठी मांडून ठेवल्यात हे त्यांना ठाऊक होतं, म्हणून बिचाऱ्यांनी शहाणपणानं वरची एक काढली. दार लागलेली. रीतीप्रमाणं. शेपटाच्या बत्तीची काच लाल, बाहेरून आतलं दिसत नाही. 'फ्राक झ्याक हाय गं,' असं मला म्हणून ते गेले. थोड्या वेळानं पुण्याकडची मालगाडी सुटल्याची शिट्टी मी ऐकली.

साहेब आला. उंच, पांढरे बूट, हातात यादी. मास्तर मागं. दादा न लंगडता चालत होते आणि त्यांच्या कानाखालून घाम वाहत होता. साहेबानं बत्त्या बघितल्या, काचेवर बोट फिरवून बोट बघितलं, मान हलवली. 'अच्छा रखा है,' म्हणाला. मी दाराशी उभी होते; ते शब्द मी स्वतः ऐकले. यादीवर पेन्सिल टेकली. आणि तेवढ्यात झरोक्यातून तो आत आला, काळा-पांढरा, चोचीत हिरवी अळी वळवळतेय. फळीच्या टोकाला बसला. तिथून पहिल्या बत्तीवर. दारावर चोच आपटली. दुसऱ्या बत्तीवर गेला, तिसऱ्या. एकेका काचेत डोकावत, एकेका दाराशी थांबत तो सगळी ओळ चालला आणि परत उलटा फिरला. अळी चोचीतच. मागून ती राखी आली, तिच्याही चोचीत काहीतरी. दोघंही त्या बंद दारांपुढून फिरू लागली आणि त्यांच्या गळ्यातून एक खरखरीत आवाज यायला लागला, जो मी त्यांचा कधी ऐकला नव्हता. 'ये क्या है?' साहेब म्हणाला.

दादांनी वर बघितलं. मग ओळ मोजल्यासारखी बघितली. मग माझ्याकडं बघितलं. मी माझ्या हाताकडं बघत होते. मला तेव्हा कळलं, आणि मला कळलं ते त्यांना कळलं. लोक म्हणतात पायाखालची जमीन सरकते. माझी नाही सरकली, मी तिथंच चिकटून उभी होते आणि मला वाटत होतं, आता दादांनी काही बोलू नये. साहेब दोन मिनिटांत जाईल. नोकरी राहील, क्वार्टर राहील. कुणाला कळतंय? हो, असं वाटलं मला, लपवून काय करू. चार पिल्लं त्या डब्यात गुदमरत चालली होती, आणि मला आमचं क्वार्टर दिसत होतं.

आणि आयुष्यभर 'ऱ्हाऊ दे' म्हणणारा तो माणूस बोलला. 'साहेब, पिल्लं गेली. बत्तीत पिल्लं हायेत. बत्ती मालगाडीवर गेली.' साहेबाला कळेना. मास्तर घाबरून हिंदीत सांगायला लागले तर दादांनी त्यांना हातानं थांबवलं आणि आपल्या मोडक्या हिंदीत सगळं सांगितलं. बत्तीत तेलाचा डबा नाही, संध्याकाळी ती पेटणार नाही, तेव्हा गार्डाला दुसरी द्यावी लागेल. ती बत्ती महिनाभर पाखराला दिली होती. 'मैने दी थी,' म्हणाले. आज दार लागलं. 'किसने लगाया?' साहेबानं विचारलं. दादा म्हणाले, 'मैने.' मी तोंड उघडलं होतं. त्यांनी माझ्याकडं नुसतं बघितलं, आणि मी ते मिटलं. ते मिटलेलं तोंड मी आज, एवढ्या वर्षांनी, या कागदावर उघडते आहे. दार मी लावलं होतं.

साहेबानं पेन्सिल यादीवरून उचलली. मग मास्तरांना म्हणाला, 'केडगाँव को बोलो.' मास्तरांच्या खोलीत फोन होता, दांडा फिरवायचा. त्या तारेवरून गाड्यांशिवाय दुसरं काही कधी बोललं गेलं नसेल. मास्तर ओरडत होते, 'ब्रेकमधली, गार्डाच्या डब्यातली बत्ती उतरवून घ्या! दार उघडा! पिल्लं! पिल्लं आहेत आत! नाही हो, कोंबडीची नाहीत!' दादा शेजारी उभे राहून हळूच सांगत होते, 'उपडी करू नगा म्हणावं. उनात ठिवू नगा म्हणावं.' मालगाडी केडगावला बाजूच्या रुळावर उभी राहणार होती, समोरून पॅसेंजर यायची होती. तीच पॅसेंजर बत्ती परत आणणार, असं ठरलं. मास्तरांनी फोन ठेवला आणि रुमालानं मान पुसली.

तेवढ्यात आई डबा घेऊन आली. तिला कुणी सांगितलं कोण जाणे. तिनं डबा खाली ठेवला, साहेबाकडं बघितलं, पदर डोक्यावरून घेतला आणि दादांना म्हणाली, 'बोललासा?' दादांनी मान हलवली. तिचा चेहरा पांढरा पडला. मग ती माझ्याजवळ येऊन बसली आणि कानात म्हणाली, 'परत आली तरी काय उपेग न्हाई, बाई. माणसाचा हात लागला की पाखरू पिल्लू टाकतं. आमच्या रानात समद्यांना ठावं हाय.' मी रडायला लागले. ती म्हणाली, 'आता रडून काय हुतंय?' पण माझं डोकं तिनं मांडीवर घेतलं.

पॅसेंजर आली तेव्हा उन्हानं रूळ डोळ्यांपुढं हलत होते. शेवटच्या डब्याच्या दारात गार्ड उभा होता आणि त्यानं ती बत्ती दोन्ही हातांनी पोटाशी धरली होती. पंचविशीतला, पीळदार मिशांचा गडी. केडगावपासून तसाच उभा आलाय, असं म्हणाला. बत्ती ओल्या फडक्यात गुंडाळलेली. केडगावच्या फलाटावर पेरू विकणाऱ्या बाईनं आपल्या पाटीवरचं फडकं भिजवून दिलं होतं. दादांनी फडकं काढलं. तीन चोची उघडल्या. चौथं पिल्लू तळाशी पडलं होतं. दादांनी ते दोन बोटांनी उचललं, वेष्टाच्या चिमटीत ठेवलं आणि सदऱ्याच्या खिशात घातलं, त्या नीळ दिलेल्या, इस्त्रीच्या सदऱ्याच्या. मग खिशातून पान्हा काढून त्यांनी बत्तीचं दार बिजागरीपासून खोललं आणि बत्ती फळीच्या टोकाला, तिच्या जुन्या जागी ठेवली.

आम्ही सगळे बाहेर कडुनिंबाखाली जाऊन उभे राहिलो. दादा, आई, मी, मास्तर, तंबाखू थुंकायचं विसरलेले रघुआप्पा, आणि साहेब. त्याची गाडी लागली होती. तो गेला नाही. यार्डात एकही एंजिन हलत नव्हतं. ती राखी झरोक्यावर येऊन बसली. आत बघितलं. उडून गेली. आई पुटपुटली, 'टाकली.' कुणी हललं नाही. माझ्या नव्या फ्रॉकच्या आत पाठीवरून घामाच्या धारा चालल्या होत्या. ती परत आली, चोचीत कोळी घेऊन, आणि सरळ आत गेली. आतून पिल्लांचा कल्ला ऐकू आला. कसला कल्ला तो, भुकेलेल्यांचा, एकमेकांना ढकलणाऱ्यांचा! मग तो काळा-पांढरा कौलावर येऊन बसला, शेपूट उभी केली आणि भर दुपारी, उन्हाच्या तडाख्यात गायला लागला. साहेबानं टोपी काढली. उकडत होतं म्हणून काढली असेल, मला माहीत नाही. आई म्हणाली, 'आगं बया, माणसाचा हात लागला व्हता की गं.' तिचं रानातलं ज्ञान खोटं ठरलं होतं आणि ती रडत होती, आणि एवढी खूश मी तिला कधी पाहिली नव्हती.

साहेबानं जाताना यादीवर लिहिलं. खोटं कशाला सांगू, त्यानं काही माफ केलं नाही. न पेटणारी बत्ती गाडीवर गेली होती. रात्रीच्या गाडीला शेपटाची बत्ती नसेल तर मागून येणाऱ्याला काय दिसणार? दादा स्वतःच म्हणाले, साहेब बरोबर होता. अनफिट मात्र लिहिलं नाही. लॅम्परूम काढून घेतली आणि पाटसच्या पुढं एका फाटकावर नेमलं. क्वार्टर गेलं. फाटकाशेजारी एक खोली मिळाली, सावलीला झाड नाही, पाणी डोक्यावरून आणायचं. आईनं नव्या खोलीला चुना देता देता दादांना चार वर्षं पुरेल एवढं बोलून घेतलं, पण पाखरांवरून एक शब्द नाही. हुकूम हातात पडायच्या दोन दिवस आधी ती तिन्ही पिल्लं उडाली होती. शेवटचं माझ्या डोक्यावर आपटून गेलं.

दादांनी मला त्या दिवसाबद्दल कधी काही विचारलं नाही. त्यांच्या शेवटच्या दुखण्यात मी एकदा धीर करून म्हटलं, 'दादा, दार मी लावलं होतं.' ते डोळे मिटून पडले होते. म्हणाले, 'मीच सरकावली व्हती ना बत्ती मदी.' थोड्या वेळानं म्हणाले, 'ऱ्हाऊ दे.'

ती बत्ती माझ्याकडं आहे, शिरूरला. बत्त्या जाऊन विजेचे दिवे आले तेव्हा रघुआप्पांनी भंगारातून ती शोधून दादांना आणून दिली, बिनदाराची. इथं तिसऱ्या मजल्यावर, गॅलरीत, मी ती टांगून ठेवली आहे, वर्षानुवर्षं. आत गवत घातलं, वेष्टाऐवजी कापूस घातला, बाजूला पाण्याची वाटी. एक पाखरू आलं नाही. आपण सजवून दिलेली जागा त्यांना पसंत पडत नसावी. आणि यंदा चैत्रात, खाली कारखान्याच्या बसगाड्या सुटायच्या आत, पहाटे मी गाणं ऐकलं. एक ओळ, मग निराळी, मग आणखी निराळी, आणि मध्येच शेजाऱ्याची मोटार पाठीमागं घेताना वाजतो तो टीं-टीं आवाज, हुबेहूब. मी गॅलरीत आले. दयाळ. त्याची राखी बायको माझ्या बत्तीवर बसली, तिच्यात वाकून बघितलं, आणि शेजारी भिंतीत एसीच्या नळीसाठी मुलानं पाडून घेतलेल्या भोकात शिरली.

काल एसी बसवायला माणूस आला, खांद्यावर नळी घेऊन. बाहेर उन्हानं डांबर मऊ पडलंय. मुलगा म्हणाला, 'आई, किती दिवस असं उकडत बसायचं? दुसरीकडं हलवू पिल्लांना, त्या बत्तीत ठेवू उचलून.' फिटरनं भोकाजवळ हात नेला. आतली बडबड एकदम थांबली. चूपचाप.

मी त्याचा हात धरला आणि म्हटलं, 'ऱ्हाऊ दे.'